कॉम्प्युटरच्या बातमीत तारीख छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मिरजेत एसटी स्टँडजवळच्या एका बोळात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, २००२ पासून. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, पोरांचे प्रोजेक्ट आणि अधूनमधून एखाद्या आजोबांचं आत्मचरित्र, असा धंदा. आपला पेपर दुकानात रोज येतो. प्रूफ तपासायची खोड असल्यामुळे मी तो जाहिरातींसकट वाचते. आपल्या ऱ्हस्व-दीर्घांबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण ते वेगळ्या पत्रात. हे पत्र गुरुवारच्या पुरवणीतल्या कॉम्प्युटरच्या पानाबद्दल आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपण विंडोज १० बंद होणार म्हणून अर्धं पान लिहिलंत. चित्रात कचऱ्याच्या ढिगावर पालथा पडलेला मॉनिटर. खालच्या अर्ध्या पानात दिवाळीच्या लॅपटॉप सेलची जाहिरात. ही जोडी आपण मुद्दाम लावलीत असं मी म्हणत नाही. पण दोनच दिवसांनी आमच्या गल्लीतले एक निवृत्त तलाठी ॲक्टिव्हावर, पायांच्या मध्ये सीपीयू ठेवून दुकानात आले. म्हणाले, "ताई, भंगारवाला बाराशे देतोय. तुम्ही थोडे वाढवून घेता का बघा. पेपरात आलंय, हे आता चालणार नाहीत."

काकांचा कॉम्प्युटर २०१९ सालचा. आठव्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम. मुलाने पुण्याहून पाठवलेला, वापर काय तर पेन्शनची पासबुकं, नातवाशी व्हिडिओ कॉल आणि पत्ते. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो. तरी मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं ॲप लाल फुली दाखवत होतं, कारण टीपीएम सापडत नाही. टीपीएम म्हणजे कॉम्प्युटरच्या आत गुप्त किल्ल्या ठेवायची तिजोरी. विंडोज ११ ला ती २.० आवृत्तीची लागते. काकांच्या मशीनमध्ये ती होती, फक्त बंद करून ठेवलेली. इंटेलच्या मदरबोर्डवर त्या सेटिंगचं नाव पीटीटी असतं, सुरू करताना डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानात गेलं की सापडतं. मी आधी त्यांच्या सगळ्या फाइलींची कॉपी काढली, डिस्क जुन्या पद्धतीची होती ती नव्या पद्धतीत बदलून घेतली, पीटीटी चालू केलं, आणि विंडोज ११ उतरवायला लावून रात्री शटर ओढलं. सकाळी काकांचा कॉम्प्युटर तयार. विंडोजचे पैसे शून्य. माझे तीनशे.

बाराशेला भंगारात जाणारी वस्तू एका बंद बटणापायी जात होती, आणि त्या बटणाचा आपल्या अर्ध्या पानात उल्लेख नव्हता. आणखीही एक गोष्ट नव्हती. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाची मुदतवाढ आहे. सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी तीस डॉलर भरता येतात, पण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून आपली सेटिंग्ज त्यांच्याकडे सिंक करू दिली तर पैसे लागत नाहीत. अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायची ओळ दिसते. आपली सेटिंग्ज त्यांच्याकडे ठेवायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण निवड आहे हे तरी माणसाला कळायला हवं ना? माझा स्वतःचा दुकानातला मुख्य कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा आहे, त्याला विंडोज ११ मिळत नाही. तो मी याच मुदतवाढीवर चालवते आहे. त्यात एसएसडी, म्हणजे जलद चालणारी डिस्क टाकलेली असल्याने तो पाच वर्षांपूर्वीपेक्षा जोरात पळतो.

माझी तक्रार अशी आहे की आपल्या पानावर कॉम्प्युटरची बातमी दोनच रूपांत येते. एक, नवीन काय आलं. दोन, सावधान! यांच्या मधलं जे आहे, म्हणजे कुठल्या वस्तूची मुदत कधी संपते, दुरुस्ती कधी आली, ती कशी घ्यायची, ते छापायचं कुणाच्या मनात येत नाही. आणि माणसं नेमकी तिथे ठेचकाळतात.

व्हायरसशी माझी ओळख जुनी आहे, तीही आडनावाने. १९९२ साली सांगलीत कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. एसी लॅब, दाराबाहेर चपला काढायच्या. आत धूळ जाऊ नये म्हणून, पण आमच्यातल्या निम्म्या मुलींचा समज होता की व्हायरस येऊ नये म्हणून. जानेवारीच्या ५ तारखेला सकाळी मशीन सुरू केली तर पडद्यावर इंग्रजीत हुकूम: टाइप करा, हॅपी बर्थडे जोशी. ते टाइप केल्याशिवाय मशीन हलेना. बॅचमध्ये जोशी मी एकटी. सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्या वर्गाने. मी रडायच्या बेतात. नंतर कळलं की त्या व्हायरसचं नावच जोशी. १९९० साली भारतात सापडलेला, फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या जागी बसणारा, आणि दरवर्षी ५ जानेवारीला एवढंच करणारा. आदल्या दिवशीची फ्लॉपी तशीच आत राहून मशीन चालू केली की पसरायचा. माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो, हे मी आजतागायत लोकांना सांगते आहे.

त्याच दशकात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांनी धाकट्या भावाला कॉम्प्युटर शिकवला आणि त्यातून क्विक हील हे अँटिव्हायरस उभं राहिलं. हे मी अभिमानाने सांगते, पण आपल्या पानावर त्यांचं नाव आलं ते शेअरच्या भावाच्या बातमीत.

झेरॉक्सचं दुकान म्हणजे गावचा पाणवठा. शंभर जणांचे पेनड्राइव्ह एकाच यूएसबीत जातात. कुणा एकाचा बाधलेला असला की संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजला लागण. एके काळी शॉर्टकट व्हायरसने उच्छाद मांडला होता. फोल्डर गायब, जागी शॉर्टकट, आणि पोरगी काउंटरला धरून रडतेय की उद्या सबमिशन आहे. फाइली गेलेल्या नसायच्या, लपवलेल्या असायच्या. ॲट्रिब या कमांडची एक ओळ लिहिली की परत दिसायच्या. ती ओळ मी कागदावर मोठ्या अक्षरात छापून मॉनिटरच्या मागे चिकटवली होती, अजून आहे. कितीतरी पोरं पेनड्राइव्ह फॉरमॅट मारून मोकळी व्हायची, कारण ही ओळ कुणी सांगितलीच नव्हती.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, कारण दुसऱ्याला शहाणपण शिकवणारीने आधी आपली पाटी दाखवावी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं. माझी बॅकअपची हार्ड डिस्क सांगलीला बहिणीकडे ठेवलेली असायची. दुकानाला आग लागली तर एक कॉपी बाहेर असावी एवढी अक्कल मला होती. बहीण आणि मेहुणे पहिल्या मजल्यावर सुखरूप राहिले, डिस्क तळमजल्यावरच्या कपाटात होती. चिखलातून काढली तेव्हा तिच्यातून पाणी गळत होतं. नवीन डिस्क घेऊ घेऊ म्हणत दिवाळी गेली. नोव्हेंबरात एका मशीनमध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिस चालेना, म्हणून नेहमीच्या मुलाला बोलावलं. त्याने विचारलं, "ओरिजिनल टाकायचं की साधं?" मी म्हटलं, साधं. हे वाक्य माझं आहे, त्याचा दोष मी त्या मुलावर घालणार नाही. ॲक्टिव्हेटर, म्हणजे चोरीच्या ऑफिसचं कुलूप मोडणारा प्रोग्राम, चालावा म्हणून त्याने अँटिव्हायरस बंद केला, आणि तो बंदच राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं अनोळखी शेपूट. प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: फाइली कुलूपबंद केल्या आहेत, ९८० डॉलर द्या, बहात्तर तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. निम्मे म्हणजेसुद्धा तेव्हाचे जवळजवळ पस्तीस हजार. चिठ्ठीत विश्वास बसावा म्हणून एक फाइल फुकट उघडून द्यायची तयारी दाखवलेली. आमच्याकडे साड्यांच्या दुकानात एक पदर उलगडून दाखवतात तसं. हा स्टॉप-डेजाव्हू नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस. मोठ्या कंपन्यांच्या मागे न लागता तो मुख्यतः माझ्यासारख्या, फुकटच्या क्रॅकला हात घालणाऱ्या लोकांना धरतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच्या दीडशेच्या आसपास जुन्या प्रकारांसाठी कुलूप उघडायचं मोफत साधन निघालं होतं. मला लागलेला त्यानंतरचा. हा व्हायरस घाईत असतो, फाइलचा सुरुवातीचा दीडशे केबीच भाग कुलूपबंद करतो, त्यामुळे मोठाले व्हिडिओ कधीकधी बरेचसे वाचवता येतात. पण पत्रिकेची फाइल ती केवढी! माझी अकरा वर्षांची मॅटर्स त्या पहिल्या दीडशे केबीतच संपत होती.

पैसे भरले नाहीत. तत्त्व वगैरे काही नाही, बिटकॉइन कुठे मिळतो तेच माहीत नव्हतं. पाच पतसंस्थांचे अहवाल छापखान्यात पडलेल्या बटर पेपरांवरून पुन्हा टाइप केले. आत्मचरित्रवाल्या आजोबांची एकशे चाळीस पानं ईमेलमध्ये पाठवलेल्या प्रूफमुळे वाचली. ते म्हणाले, "बरं झालं, तिसरं प्रकरण मला बदलायचंच होतं."

त्या दिवसांत मी मागचे पेपर चाळले. रॅन्समवेअर म्हटलं की आठवतो तो मे २०१७ चा वॉनाक्राय. १२ मे, शुक्रवार. दीडशे देश, दोन लाखांच्या वर कॉम्प्युटर, इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांत शस्त्रक्रिया खोळंबलेल्या. आपणही पहिल्या पानावर घेतलंत. सोमवारी माझ्याकडे गिऱ्हाइकं आली ती कॉम्प्युटर चालूच करायला घाबरून. पण वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला ते बुजवायचा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. एकोणसाठ दिवस आधी! ज्या मशीनवर तो घेतलेला होता तिथे तो त्या भोकातून शिरू शकत नव्हता. मार्चमध्ये आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळी आल्या असत्या, तर मेमधल्या पहिल्या पानाचं निदान आमच्या बोळात तरी काम पडलं नसतं.

अपडेट म्हणजे गंगाजल असंही माझं म्हणणं नाही. त्याच वर्षी जूनअखेरीस नॉटपेट्या आला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच, आणि त्याने मर्स्क या जहाज कंपनीला असं धरलं की आपल्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम अडून कंटेनर खोळंबले. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्या कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि जगात सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी माझ्याकडे सात जण विचारायला आले की आमच्या कॉम्प्युटरलाही होणार का. होणार नव्हतं, ते सॉफ्टवेअर घरच्या मशीनवर नसतंच. हे एक वाक्य बातमीत असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता.

आणि काही मशीनला अपडेट द्यायचाच नसतो, तीही एक बाजू आहे. माझ्याकडे एक विंडोज ७ चा डबा आहे. त्यावर पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर आणि जुनी मराठी फॉन्टची प्रणाली, जिचं लॉक मागे प्रिंटरच्या पोर्टला लावावं लागतं. नव्या मशीनला तो पोर्टच नाही. २००५ च्या आधीचं सगळं मॅटर त्या फॉन्टमध्ये. हा डबा मी सोवळ्यात ठेवला आहे. नेटची वायर नाही, वायफाय नाही, एकच ठरलेला पेनड्राइव्ह आणि तोही दुसऱ्या मशीनवर तपासून. महाराष्ट्रातल्या छोट्या छापखान्यांत असे सोवळ्यातले डबे किती असतील, त्यांचं काय करायचं, युनिकोड या आताच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत जुनं मॅटर न बिघडवता कसं आणायचं, यावर एखाद्या गुरुवारी लिहून पाहा. तो अंक आमच्या व्यवसायातली माणसं कापून ठेवतील.

त्याऐवजी आपण गेल्या महिन्यात एआय पीसीवर पानभर लिहिलंत. चाळीस टॉप्स, चाळीस टॉप्स असं चार वेळा आलं, अर्थ कुठेच नाही. मी मुलाला विचारलं. सेकंदाला चाळीस लाख कोटी गणितं. असो, चांगलं आहे. पण डिसेंबरात हार्डवेअरची जी बातमी आमच्या खिशाला भिडली ती दुसरीच होती. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप लागतात म्हणून कंपन्या तिकडे वळल्या, आणि मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ ला जाहीर केलं की क्रुशल या नावाने ग्राहकांना विकायची रॅम आणि एसएसडी आपण थांबवतोय. ज्या आठ जीबीच्या रॅमला सांगलीचा व्यापारी ऑगस्टमध्ये अठराशे सांगत होता, तिला त्याने डिसेंबरात दुपटीहून जास्त सांगितले, वर म्हणाला, "मॅडम, उद्याचा भाव मागू नका." सोन्याचा भाव आपण रोज छापता. सोनं मी दहा वर्षांत घेतलेलं नाही, रॅम वर्षभरात तीनदा घेतली.

म्हणून मागणं असं आहे. आपल्या पेपरात धरणांचा पाणीसाठा येतो, बेदाण्याचा भाव येतो, संकष्टीला गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा येतात. ६ जानेवारी २०२६ ला अंगारकी होती, आपण मिरजेची वेगळी वेळ दिलीत, आम्ही त्याप्रमाणे उपास सोडला. तशीच एक दोन बोटांची चौकट कॉम्प्युटरला द्या. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री उशिरा. अंगारकी वर्षातून मोजक्या वेळा, हा मंगळवार बाराही महिने. जानेवारीतला १३ तारखेला होऊन गेला. चौकटीत एवढं द्या: अपडेट आला, अमुक भोक बुजवलं, मशीन बंद करून चालू करा. चित्र नको, सावधान नको.

पुढच्या तारखाही आत्ताच सांगून ठेवते. जून २०२६ पासून सिक्युअर बूटची, म्हणजे मशीन सुरू होताना खरं-खोटं तपासणाऱ्या सोयीची, २०११ सालची प्रमाणपत्रं मुदतबाह्य व्हायला सुरुवात होते. मशीन बंद पडणार नाही, पण ज्यांनी नवीन प्रमाणपत्रं घेतलेली नसतील त्यांना सुरू होण्याच्या टप्प्यावरची पुढची संरक्षणं मिळणार नाहीत. बहुतेकांना ती अपडेटमधूनच येतील, काहींना मदरबोर्डच्या कंपनीचा बायोस अपडेट लागेल. आणि १३ ऑक्टोबर २०२६ ला विंडोज १० ची घरगुती मुदतवाढ संपेल. तेव्हा दिवाळी जवळ असेल आणि सेलच्या जाहिराती असतील. त्या आठवड्यात पालथ्या मॉनिटरचं चित्र काढण्याआधी कुणा दुरुस्तीवाल्याला फोन करा, मलाही चालेल. माझा स्वतःचा चौथ्या पिढीचा डबा तेव्हा कुठे जाईल याचा मी अजून निर्णय केलेला नाही. बहुतेक विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून काउंटरवर नुसत्या झेरॉक्सच्या पीडीएफसाठी ठेवीन. तलाठीकाकांनी या डब्यावरून मलाच विचारलं होतं, भंगारवाल्याला बोलावू का म्हणून. त्यांना तेव्हापासून माझी टिंगल करायचा हक्क मिळाला आहे.

आपली नियमित वाचक,
जोशी, डीटीपी व झेरॉक्सवाल्या, मिरज

ता. क. : पत्र युनिकोडमध्ये पाठवते आहे. मागचं मी जुन्या फॉन्टमध्ये पाठवलं होतं आणि आपल्याकडे ते उघडलं तेव्हा म्हणे सगळीकडे इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसली.

ता. क. २ : क्लासमधला एक मित्र चौतीस वर्षं दर ५ जानेवारीला मला 'हॅपी बर्थडे जोशी' पाठवतो. आधी पोस्टकार्ड, मग एसएमएस. या वर्षी व्हॉट्सॲपवर निरोप नव्हता, नुसती फाइल होती. हल्ली लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप घालणारी फाइल पाठवून लोकांचे फोन ताब्यात घेतात, त्यामुळे माझ्याच धंद्याच्या पीडीएफ गिऱ्हाइकं उघडायला घाबरतात. मी ती फाइल उघडली नाही, आधी त्याला फोन लावला. "अगं, केकचा फोटो आहे!" म्हणून तो चिडला. म्हटलं, फोटो आहे तर फोटो म्हणून पाठव. अजून पाठवलेला नाही.